मालिकेतले बाबा सापडतात, मुलगी सापडत नाही

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ६१ वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त. मानेवाडा रोडला घर आहे, घरात मी, बायको आणि मुलगी. मुलगी २७ वर्षांची, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. गेल्या महिन्यात तिचा साखरपुडा झाला. मुलगा तिनंच पसंत केलेला, अमरावतीचा, आम्हालाही आवडला. डिसेंबरात लग्न आहे.

आमच्याकडे संध्याकाळी सातला टीव्ही लागतो तो साडेनऊला बंद होतो. जेवणं त्याच्यासमोरच. पंधरा दिवसांपूर्वी मालिकेत नेहमीचंच चाललं होतं, नवऱ्याची कॉलेजातली मैत्रीण परत आली आहे आणि बायको दाराआडून ऐकते आहे. पोरगी म्हणाली, "बाबा, एवढ्या वर्षांत या मालिकांत माझ्यासारखं एकही माणूस आलं नाही." मी म्हटलं, "माझ्यासारखं तरी कुठं आलं बापा? रिटायर माणूस घरात सिल्कचा कुर्ता घालून सोफ्यावर बसतो का कधी?" बायको हसली. पोरगी हसली नाही. म्हणाली, मी बायसेक्शुअल आहे, मला मुलगेही आवडतात आणि मुलीही आवडू शकतात. कॉलेजात असताना जी मैत्रीण घरी यायची ती नुसती मैत्रीण नव्हती. होणाऱ्या नवऱ्याबद्दल मनात काही किंतु नाही, हेही तिनं सांगितलं. हिनं रिमोट उचलला. मला वाटलं टीव्ही बंद करते आहे. तिनं आवाज वाढवला.

तेव्हापासून घरात त्यावर कोणी बोललेलं नाही. मी रागावलो नाही, पण रात्री डोळा लागत नाही. गे, लेस्बियन हे आम्ही ऐकून आहोत, सिनेमातही पाहिलं. हे दोन्हीकडचं खरंच असतं का, की वयाचा भाग? लग्न मुलाशीच करायचं आहे तर आता हे सांगण्यात काय हशील? उद्या लग्नानंतर मन तिकडे गेलं तर? अमरावतीच्या लोकांना सांगणं आमचं कर्तव्य आहे का, न सांगितलं तर ती फसवणूक होईल का? आणि टीव्हीत आपल्यासारखं कोणी नाही याचं एवढ्या शिकल्यासवरल्या मुलीला वाईट तरी का वाटावं?

एक बाप, नागपूर

*

भाऊ, सप्रेम नमस्कार.

सिल्कच्या कुर्त्यावर मीही हसले. कूलरसमोर बनियनवर बसलेला नसेल असा निवृत्त माणूस नागपूरच्या मे महिन्यात मी तरी पाहिलेला नाही. पण तुमचा विनोद आणि तिची तक्रार एकाच जातीच्या नाहीत. मालिकांमध्ये तुमच्यासारखे ढिगानं आहेत. दर मालिकेत एक बाबा असतातच. पेपर वाचणारे, चष्मा पुसणारे, 'अगं ऐकलंस का' अशी हाक मारणारे, मुलीच्या पाठवणीला खांबाआड जाऊन रडणारे. कुर्ता चुकला असेल, पण बाबा आहेत. त्यांच्याकडे बघून "हे असं नसतं बापा" असं तुम्हाला म्हणता तरी येतं. पोरीला नावं ठेवायलासुद्धा कोणी दिलेलं नाही.

आणि माझं मत असं, की त्या रिकाम्या जागेचा त्रास तिच्याइतकाच तुम्हालाही होतो आहे. तुमचे प्रश्न पुन्हा वाचून बघा. सत्तावीस वर्षं ही मुलगी तुमच्या डोळ्यांसमोर आहे. ती धरसोड वृत्तीची आहे, कोणाला शब्द देऊन फिरली आहे, असं तुमच्या पत्रात एका ओळीनंही येत नाही. तरी 'वयाचा भाग', 'मन तिकडे गेलं तर', 'फसवणूक' हे सगळं तुमच्या डोक्यात हजर. हे तुमच्या मुलीकडे बघून सुचलेलं नाही. इतकी वर्षं रोज अडीच तास जे बघितलं, त्यातून ते आलं आहे. म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. तुम्हाला तो किरकोळ वाटला, पण बाकीच्या प्रश्नांचं मूळ तिथंच आहे.

मालिकेत माणूस कोणावर प्रेम करणारा आहे हे कशावरून कळतं? तो आज कोणाबरोबर आहे त्यावरून. नायकाचं नायिकेशी लग्न लागलं की संपला विषय. दोन पुरुष हातात हात घालून दिसले की ते गे. आता तुमच्या मुलीला मालिकेत घाला. डिसेंबरात लग्न, मांडव, हळद, मुंडावळ्या. प्रेक्षकांना दिसणार एक नवी सून, दुसरं काही नाही. ती बायसेक्शुअल आहे हे कळवायचं तर लेखकाकडे दोनच वाटा. एक तर तिच्याच तोंडून ते वदवायचं, नाहीतर कॉलेजातली ती मैत्रीण परत आणायची. वदवायला एक वाक्य पुरतं, आणि एका वाक्यावर मालिका चालत नाही. मैत्रीण परत आणली तर पन्नास भाग निघतात. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे ज्याच्या टेबलावर येऊन पडतात तो माणूस यातलं काय निवडेल, तुम्हीच सांगा. म्हणून असं पात्र एकतर येतच नाही, आणि कधी आलंच तर कोणाचा तरी संसार मोडायला येतं. संध्याकाळच्या मराठी मालिकांत असं मध्यवर्ती पात्र, ज्याचं सगळं ठीक चाललं आहे, ते मी तरी पाहिलेलं नाही. आणि मी भरपूर मालिका बघते. पेशाचा भाग आहे असं घरी सांगते.

(जाता जाता: परत येणारी जुनी मैत्रीण हे तर मालिकांचं मीठच आहे. मराठी मालिकांमधल्या साध्यासुध्या, फक्त बायकांवर प्रेम करणाऱ्या नवऱ्यांनी आजवर जेवढी लफडी केली, त्यावरून कोणी अख्ख्या पुरुषजातीवर संशय घेतलेला ऐकिवात नाही.)

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असंही समजू नका. 'सेक्स अँड द सिटी' ही अमेरिकन मालिका त्या काळात फार पुढारलेली मानली जायची. २००० सालच्या तिच्या एका भागात नायिकेला एक तरुण भेटतो, ज्याचे आधी मुलांशीही संबंध होते. चांगला आहे, प्रेमळ आहे. पण नायिकेचं मत असं, की असं काही नसतंच, गे होण्याच्या वाटेवरचा हा एक थांबा आहे. तुमचा 'वयाचा भाग' तोच आहे. न्यूयॉर्कच्या नायिकेला जे सुचलं ते मानेवाड्यात तुम्हालाही सुचलं, म्हणून स्वतःला फार मागासलेलं समजू नका.

आपल्या मराठीत मात्र एक विलक्षण गोष्ट आहे. टीव्हीवर नाही, पुस्तकात. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ साली आली. पुण्यातलं एक मध्यमवर्गीय घर, आणि तिथं पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण राहायला येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, आणि त्याची बहीण अनुजाही. तो दोघांच्याही जवळ येतो आणि एक दिवस निघून जातो. अर्धी कादंबरी भाऊ सांगतो, अर्धी बहीण. मधला जो आहे, ज्याला मुलगाही जवळचा वाटला आणि मुलगीही, त्याला पुस्तकात नाव नाही. त्याची बाजू सांगणारं प्रकरणही नाही. कादंबरी म्हणून ती ताकदीची आहे आणि ती तशीच असायला हवी होती, यावर मी कोणाशीही वाद घालीन. पण तुमच्या मुलीच्या जागी बसून वाचा. इतक्या वर्षांनी मराठीत आपल्यासारखं कोणीतरी आलं, तर तो न बोलता निघून जाणारा माणूस. २०२२ साली त्यावरचा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला, त्यात गोष्ट पुण्याऐवजी केरळात घडते. जाणारा तिथंही जातोच.

हिंदीत शोनाली बोस यांचा 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ' बघा. आपल्याकडे तो २०१५ साली लागला. कल्की केकलांनी त्यात लैलाचं काम केलं आहे. लैलाला सेरेब्रल पाल्सी आहे, ती व्हीलचेअरवर असते, गाणी लिहिते, शिकायला न्यूयॉर्कला जाते आणि तिथं एका मुलीच्या प्रेमात पडते. तिची आई मराठी आहे. लैला तिला 'आई' म्हणूनच हाक मारते आणि रेवतींनी ती आई अशी केली आहे की आपल्या शेजारच्या घरातली वाटावी. लैला आईला सांगते तो प्रसंग नुसता रडारडीचा नाही. सुरुवातीला आईला कळतच नाही, तिला भलतंच ऐकू येतं, ती घरकामावरून टोमणा मारते आणि क्षणभर आपण हसतो. मग कळतं तेव्हा चेहरा बदलतो. वहिनींनी आवाज वाढवला ते वाचताना मला तोच चेहरा आठवला. आता माझी या सिनेमाबद्दलची तक्रार सांगते. इतक्या मायेनं, इतक्या समजुतीनं केलेल्या सिनेमातही लैला आपल्या मैत्रिणीच्या माघारी एका मुलाबरोबर जातेच. तो प्रसंग खरा वाटतो, तरुण माणसं चुकतात. पण आपल्याकडे असं पात्र वर्षानुवर्षांत एखादं येतं. त्या एकीनंही तेच केलं की बघणारा गाठ बांधून मोकळा होतो, की ही माणसं अशीच. शंभर लैला असत्या तर एकीनं चुकायला काही हरकत नव्हती. (हा सिनेमा मुलीबरोबर बसून बघू नका हं. त्यात मोकळे प्रसंग आहेत, तुम्ही दोघं अवघडून पाणी प्यायला उठाल. तुम्ही आणि वहिनी बघा.)

ओटीटीवर थोडं बरं आहे. 'फोर मोअर शॉट्स प्लीज' मध्ये लुधियानाची उमंग आहे, मुंबईत जिम ट्रेनर, आणि ती बायसेक्शुअल आहे हे त्या मालिकेत आडपडदा न ठेवता येतं. पण मुंबईच्या उंची बारमध्ये बसणाऱ्या चार मैत्रिणी बघून तुमच्या घरात कोणाला आपलं काही सापडेल असं मला वाटत नाही. मालिकेचा तो दोष नाही. लुधियानातून पळून मुंबईला आलेली मुलगी दाखवणं सोपं असतं. मानेवाड्यातच राहून, आईच्या हातची भाजी-भाकरी खात, बापाशेजारी बसून मालिका बघणारी दाखवणं अवघड.

तुम्ही बघावा असा एक प्रसंग मात्र सांगते, कारण त्यात बाप आहे. 'ब्रुकलिन नाइन-नाइन' नावाची पोलीस ठाण्यावरची विनोदी अमेरिकन मालिका आहे. तिच्यात रोझा डियाझ म्हणून एक पोलीस अधिकारी आहे, करारी, अबोल, ठाण्यातले सगळे तिला टरकून असतात. डिसेंबर २०१७ मध्ये दाखवलेल्या भागात ती आईवडिलांना सांगते की मी बायसेक्शुअल आहे. स्टेफनी बिट्रिझ ही अभिनेत्री स्वतःही बायसेक्शुअल आहे. आई आधी चाचपून बघते: पण तुला पुरुषही आवडतात ना? म्हणजे पुरुषाशी लग्न होऊ शकतं ना? होऊ शकतं म्हटल्यावर आई सुटकेचा श्वास टाकते, मग हे काही खरं नाही, जाईल निघून. वडील म्हणतात, असं काही नसतंच. भाऊ, तुमच्या पत्रातले पहिले दोन प्रश्न तिथं तुमच्याआधी विचारून झालेत. पण गोष्ट तिथं थांबत नाही. नंतर वडील एकटेच तिच्या ठाण्यावर येतात. झाल्याबद्दल वाईट वाटलं म्हणतात, तू आहेस तशी मला हवी आहेस म्हणतात, आणि आईला वेळ लागेल हेही सांगून टाकतात. सगळं पाच मिनिटांत. बॅकग्राउंडला विजा कडाडत नाहीत, कोणाचा चेहरा तीनदा झूम होत नाही. हा भाग तुम्ही मुलीबरोबर बसून बघू शकता. तिनं तो आधीच पाहिलेला असेल, यावर मी पैज लावायला तयार आहे.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. हे खरंच असतं का? असतं. आल्फ्रेड किन्सी यांनी १९४८ साली अमेरिकेतल्या पुरुषांच्या लैंगिक वागण्याचा अभ्यास छापला तेव्हा माणसं दोन खणांत मावत नाहीत म्हणून त्यांनी ० ते ६ अशी पट्टी केली, आणि त्या पट्टीत मधली घरं रिकामी नव्हती. वयाचा भाग म्हणाल तर लिसा डायमंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ७९ तरुण स्त्रियांशी दहा वर्षं संपर्क ठेवला आणि २००८ साली निष्कर्ष मांडले. बायसेक्शुअल स्त्रिया कालांतरानं एका बाजूला जाऊन स्थिरावतात ही समजूत त्यांच्या अभ्यासात टिकली नाही. ओढ दोन्हीकडची होती ती दोन्हीकडचीच राहिली. यावर आणखी लिहीत नाही, कारण तुमची अडचण शास्त्राची नाही.

लग्न मुलाशीच आहे तर सांगण्यात काय हशील, हा खरा प्रश्न, आणि यावर मी थोडी रेंगाळणार आहे.

समजा तिनं मुलीबरोबर राहायचं ठरवलं असतं. तर तुम्हाला कधी ना कधी कळलंच असतं, लपवणं शक्यच झालं नसतं. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ कलमाचा तो जाच काढून टाकला, त्यामुळे सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं असं नातं ठेवणं आज गुन्हा नाही. लग्नाला मात्र कायदा नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं तो हक्क दिला नाही. म्हणजे त्या वाटेवर तिला झगडावं लागलं असतं, आणि त्या झगड्यात निदान सगळ्यांना दिसली तरी असती. तिला जो माणूस आवडला तो पुरुष निघाला. त्यामुळे सगळं सोपं झालं: हॉल, पत्रिका, मानपान. आणि त्याच सोपेपणात तिच्यातला एक भाग डिसेंबरपासून कायमचा झाकला जाणार. नातेवाईकांना ती चारचौघींसारखी सून दिसेल. तिच्यासारख्या मुलींना दुसऱ्या बाजूनंही टोमणे बसतात, की शेवटी मुलाशीच केलंस ना लग्न, मग तू कसली आमच्यातली. गप्प बसणं तिच्याइतकं सोयीचं कोणालाच नव्हतं. नसतं सांगितलं तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं. तरी तिनं सांगितलं, लग्नाच्या आधी, स्वतःच्या घरात, जेवणाच्या वेळी. हशील एवढंच, की निदान दोन माणसांना तरी आपण पूर्ण ठाऊक असावं.

आणि तिच्या बोलण्यातली एक गोष्ट तुमच्या हातून निसटली असं मला वाटतं. 'ती नुसती मैत्रीण नव्हती.' ही मैत्रीण तुमच्या घरी यायची. वहिनींनी तिला पोहे दिले असतील, तुम्ही गाडीवर बर्डीपर्यंत सोडलं असेल. मग कधीतरी ती यायची थांबली. का थांबली, ते तुम्हाला ठाऊक नाही, मला तर नाहीच. पण एखाद्या मुलाशी ठरलेलं मोडलं असतं तर वहिनींनी पोरीला जवळ घेतलं असतं, मावशी येऊन बसली असती, तुम्ही त्या मुलाला चार शिव्या घातल्या असत्या. या वेळी कोणी काही केलं नाही, कारण कोणाला काही ठाऊकच नव्हतं. तिनं ते एकटीनं निभावलं असणार, बहुधा परीक्षेच्या टेन्शनच्या नावाखाली. तुम्हाला काय बोलावं सुचत नसेल तर इथून सुरुवात करा. मैत्रिणीचं नाव घ्या आणि विचारा, ती आता कुठं असते गं? बायसेक्शुअल हा शब्द उच्चारायचीही गरज नाही. तिला कळेल तुम्ही काय विचारलं ते.

उद्या मन तिकडे गेलं तर? भाऊ, लग्नानंतर तुम्हाला दुसऱ्या बायका दिसायच्या बंद झाल्या का? नसतील झाल्या. तरी तुम्ही संध्याकाळी घरी आलात, पगार वहिनींच्या हातात दिलात. मुलीनं दिलेला शब्दही तसाच आहे. ज्याला शब्द मोडायचा असतो त्याला एकच बाजू पुरते.

वहिनींबद्दल. त्यांनी टीव्ही बंद केला नाही, आवाज वाढवला. मी यात थोडी आशा बघते. बंद केला असता तर शांतता झाली असती आणि काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि बोलायची त्यांची तयारी नव्हती. कित्येकदा पहिल्या दिवशी तोंडातून जे जातं तेच वर्षानुवर्षं घरात राहतं. त्या गप्प राहिल्या ते एका परीनं बरंच झालं. त्यांना घाई करू नका, आणि दोघींमधले निरोप्याही होऊ नका, 'आई असं म्हणते', 'ती तसं म्हणते'. तुम्ही मुलीशी मोकळेपणानं बोलताना त्यांना दिसलात की त्या आपल्या वेळेनं येतील. त्यांची भीती बहुतेक 'लोक काय म्हणतील' हीच असणार. लोकांना सांगायचं कोणी ठरवलेलंच नाही, एवढं एकदा स्पष्ट बोला, म्हणजे निम्मं ओझं उतरेल.

एक इशारा, तुम्हाला नको असेल तरी. कोणी नातेवाईक 'एका डॉक्टरांकडे दाखवू या' म्हणून नाव सुचवेल. जाऊ नका. हा आजार नाही, त्यामुळे त्यावर उपचारही नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ सालच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये अशा 'बदलून देण्याच्या' उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. असं काही करून देतो म्हणणारा डॉक्टर स्वतःच चुकतो आहे. मनावरचा ताण तुमचाच वाढला, झोप येईना झाली, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. नागपुरात सारथी ट्रस्ट या विषयात बरीच वर्षं काम करते आहे. आपल्या संत्रानगरीत अशा माणसांचा आणि त्यांच्या सोबत्यांचा मोर्चा, प्राइड मार्चही निघतो. लगेच त्यात चालायला जा असं मी म्हणत नाही, पण या शहरात तुमच्यासारखं घर एकटं नाही हे ठाऊक असू द्या. मराठीत वाचायचं असेल तर पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे बिंदुमाधव खिरे यांची पुस्तकं मिळवा. सरळ लिहितात, आईबाप डोळ्यांसमोर ठेवून लिहितात.

टीव्हीचं काय करायचं म्हणाल, तर सातची मालिका बंद करू नका. ती बंद केली तर घरात आणखी एक न बोलायचा विषय तयार होईल. आठवड्यातून एखादा दिवस रिमोट मुलीच्या हातात द्या आणि ती लावेल ते बघा, मग ती कोरियन मालिका असो की स्वयंपाकाची स्पर्धा. आणि बाकीच्या दिवशी नवऱ्याची मैत्रीण पुन्हा दाराशी आली की खुशाल विचारा, तू असतीस तर काय केलं असतंस? माझा अंदाज, तिचं उत्तर मालिकेच्या लेखकापेक्षा बरं असेल.

राहिली अमरावती. मुलीला एकदाच, एकटीला गाठून विचारा, त्याला ठाऊक आहे का? हो म्हणाली तर विषय तिथं संपतो. नाही म्हणाली तर आपलं मत सांगा. माझंही मत तेच असेल, की ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला लग्नाआधी सांगितलेलं बरं. पण सांगायचं तिनं, तिच्या शब्दांत, तिच्या वेळेला. तुम्ही मध्ये पडून फोन करायचा नाही, अटही घालायची नाही. आणि व्याही, विहीणबाई, आत्या, मामा यांचा यात काडीचा संबंध नाही. पोरीला कॉलेजात एखादा मुलगा आवडला होता हे तुम्ही बैठकीत उभं राहून सांगितलं असतंत का? मग हेही नाही. ही गोष्ट एकदा त्या घरात गेली की राजकमल चौकापर्यंत पोचायला दुपार लागणार नाही, आणि परत घेता येणार नाही. तेव्हा अमरावतीला लग्नपत्रिकेशिवाय काही पाठवू नका.